पंचा कोणी उचलायचा?

आजचं वाचन : योहान १३:१-१७. वेळ असेल तर मार्क १०:३५-४५ आणि लूक २२:२४-२७ सुद्धा वाचा.



आजचं मनन मुख्यतः भावांसाठी आहे. बहिणींनी वाचू नये असं मुळीच नाही, उलट वाचून घरातल्या पुरुषाला जरूर फॉरवर्ड करा. पण विषय आमचा आहे, आणि त्यातही पहिला नंबर माझा.

झालं असं की मागच्या शनिवारी मंडळीच्या पुरुष संगतीत मला योहान १३ वर बोलायला सांगितलं होतं. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, तो भाग. मनात म्हटलं, सोपं आहे, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलंय, अर्ध्या तासात तयारी होईल. शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर पवित्र शास्त्र उघडून बसलो आणि साडेबारा वाजले तरी पाचव्या वचनाच्या पुढे जाता येईना. का, ते पुढे सांगतो. आधी त्या खोलीत जाऊ या.

लूक २२ मध्ये एक बारीकसा तपशील आहे. वल्हांडणाची तयारी करायला प्रभूने दोघांना पाठवलं होतं, पेत्र आणि योहान. माडीवरची मोठी खोली त्यांनीच जाऊन बघितली, जेवणाची तयारी त्यांनीच केली. म्हणजे त्या संध्याकाळच्या व्यवस्थेची जबाबदारी या दोघांवर होती. त्या काळी लोक धुळीच्या रस्त्यांवरून चपला घालून चालत यायचे, म्हणून घरी आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं ही साधी रीत होती. अब्राहामाने तीन पाहुण्यांसाठी पाणी मागवलं होतं (उत्पत्ती १८). शिमोन परुश्याने ते दिलं नाही, म्हणून प्रभूने त्याला जेवणाच्या पंक्तीतच त्याची आठवण करून दिली (लूक ७:४४). आणि दुसऱ्याचे पाय प्रत्यक्ष धुण्याचं काम कुणाचं? घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं. अबीगईल दाविदापुढे स्वतःला अगदी लहान करून बोलते, तेव्हा ती नेमकं हेच काम स्वतःकडे घेते (१ शमुवेल २५:४१).

आता योहान १३ चं चौथं आणि पाचवं वचन बघा. पंचा तिथे होता. गंगाळ तिथे होतं. पाणी तिथे होतं. सगळं सामान हजर होतं आणि जेवण सुरू झालं तरी कुणाचेही पाय धुतलेले नव्हते. बारा माणसं त्या पंच्यासमोरून आत आली आणि जागेवर जाऊन बसली. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट बोर्डवर अनअसाइन्ड पडलेलं आहे, सगळ्यांना दिसतंय, आणि प्रत्येकाची खात्री आहे की ते आपल्या लेव्हलचं काम नाही.

वर लूक सांगतो की त्याच जेवणाच्या वेळी त्यांच्यात वाद लागला होता, आपल्यात मोठा कोण.

चित्रांमध्ये आपण शेवटचं भोजन बघतो तेव्हा सगळे खुर्च्यांवर एका रांगेत बसलेले दिसतात. प्रत्यक्षात तेव्हा लोक जेवताना डाव्या कोपरावर रेलून, आडवे होऊन जेवायचे. डोकं ताटाकडे आणि पाय मागे, बाहेरच्या बाजूला. म्हणूनच प्रभूच्या उराशी टेकलेला शिष्य योहान १३:२५ मध्ये तसाच मागे रेलून प्रश्न विचारू शकतो. याचा एक अर्थ असा, की पाय धुणारा माणूस पंक्तीच्या मागे असतो. जेवणारे एकमेकांशी बोलताहेत, कदाचित मोठा कोण हेच अजून चाललंय, आणि मागे कुणीतरी गुडघ्यावर बसलंय. पहिल्या एक-दोघांचे पाय धुऊन होईपर्यंत सगळ्यांच्या ते लक्षात तरी आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आता मी का अडकलो ते.

दीड महिन्यापूर्वी आमच्या टीमचं एक रिलीज होतं. टीममध्ये एक मुलगा आहे, दोन वर्षांचा अनुभव, गावाकडून आलेला, मेहनती. त्याने डेटाबेस बदलण्याची एक स्क्रिप्ट लिहिली होती आणि ती तपासून मंजूर करायची जबाबदारी माझी होती, कारण मी टीम लीड आहे. संध्याकाळी कॅबमध्ये होतो, ट्रॅफिक तुंबलेलं, त्याचा मेसेज आला की सर, तेवढं बघता का. मी मोबाईलवर उघडलं, वर-खाली अंगठा फिरवला आणि अप्रूव्ह दाबलं. खोटं कशाला बोलू, वाचलंच नाही. रात्री स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालली, एक अट चुकलेली होती आणि हजारो ग्राहकांच्या नोंदी बिघडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅकअपमधून त्या परत आणण्यात सगळी टीम गेली.

मग कारणं शोधायची मीटिंग. पंधरा-सोळा जण कॉलवर. मॅनेजरने विचारलं, हे लिहिलं कुणी? स्क्रीनवर त्या मुलाचं नाव होतं. तो म्हणाला, माझी चूक आहे, सॉरी. मी म्यूटवर होतो. अनम्यूटचं बटण बोटाखाली होतं, आणि मी ते दाबलं नाही. मीटिंग संपली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं : डेव्हलपरची चूक. पुढे अप्रेझल आलं आणि त्याचं रेटिंग खाली गेलं.

त्याच आठवड्यात आम्हा सगळ्या लीड लोकांसाठी सर्व्हंट लीडरशिपचं दोन तासांचं ट्रेनिंग होतं. मी कॅमेरा ऑन ठेवून मान डोलावत बसलो होतो. हा शब्द आयटीत आता अगदी रोजचा झालाय. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीत आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहून तो रूढ केला. हर्मन हेसेच्या एका कादंबरीतल्या नोकराच्या पात्रावरून ही कल्पना सुचली असं ते सांगत. स्क्रम गाईडमध्ये स्क्रम मास्टरसाठी हाच शब्द होता, २०२० च्या आवृत्तीत तो बदलून सेवा करणारा खरा नेता अशा अर्थाची शब्दरचना आली. मला त्या ट्रेनिंगवर टीका करायची नाही, त्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी होत्या. पण मी सर्टिफिकेट डाउनलोड केलं आणि त्या मुलाच्या डेस्कवरून नजर न मिळवता पुढे गेलो, हेही तितकंच खरं आहे.

तर शुक्रवारी रात्री पाचव्या वचनाशी मी पोचलो, आणि मला पंचा दिसला. मी अडकलो तो तिथे.

थोडं मागे, तिसऱ्या वचनाकडे जाऊ. योहान तिथे जे सांगतो ते घाईत वाचलं तर निसटतं. तो म्हणतो, पित्याने सगळं काही येशूच्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातो आहोत, हे येशूला माहीत होतं. माहीत असूनही उठला असं तो म्हणत नाही. वाक्याचा ओघ असा आहे की हे माहीत होतं, आणि तो उठला. सगळं विश्व ज्या हातांत दिलं आहे त्या हातांनी त्याने काय उचललं? एका कोळ्याची टाच.

मी म्यूटवर का राहिलो याचं उत्तर मला इथे मिळालं. मला माहीत नव्हतं मी कुठून आलो आणि कुठे चाललोय. म्हणजे पाठांतर होतं, रविवारी मी ते मोठ्या आवाजात म्हणतोही. पण त्या कॉलवर मला फक्त एवढंच माहीत होतं की मी टीम लीड आहे, घराचा हप्ता आहे, आणि वरच्या पदासाठी माझं नाव चर्चेत आहे. ज्याची सगळी ओळख पदावर टांगलेली असते त्याला वाकता येत नाही, वाकलं की ती खाली पडेल अशी भीती असते. आपण पुरुष याला स्वाभिमान म्हणतो. माझ्याबाबतीत तरी ती साधी भीती होती.

ग्रीकमध्ये इथे एक गंमत आहे, ग्रीक मला येत नाही, शब्दकोश घेऊन बसतो एवढंच. चौथ्या वचनात प्रभूने अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, तिथे जे क्रियापद आहे तेच योहान १० मध्ये उत्तम मेंढपाळ आपला प्राण देतो तिथे आहे. आणि बाराव्या वचनात वस्त्रं परत घेतली, ते क्रियापदही दहाव्या अध्यायात प्राण परत घेण्यासाठी वापरलेलं आहे. योहानाने हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं. पाय धुणं ही नम्रतेची एखादी छान कृती करून दाखवणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर जे होणार होतं त्याची ती सुरुवात होती. म्हणून फिलिप्पैकरांस पत्र २:६-८ सोबत वाचलं की चित्र पूर्ण होतं. तो देवाच्या रूपात होता, दासाचं रूप घेतलं, आणि मरणापर्यंत खाली गेला.

मार्क १० मधले जब्दीचे मुलगे याच्या अगदी उलट. याकोब आणि योहान येऊन मागतात, तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा त्यांच्यावर चिडतात, आणि मला वाटतं ते चिडले कारण या दोघांनी आधी नंबर लावला. प्रभू त्यांना रागावत नाही. तो म्हणतो, तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही. पुढे मार्क १५:२७ मध्ये उजवीकडे आणि डावीकडे हे शब्द पुन्हा येतात. तिथे त्या दोन जागांवर दोन लुटारू आहेत, वधस्तंभावर.

आता एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हा भाग फार चुकीचा वापरला जातो. योहान १३ हे खालच्या माणसाला नम्र राहा म्हणून सांगायचं वचन नाही. चौदाव्या वचनात प्रभू काय म्हणतो ते नीट बघा : मी प्रभू आणि गुरू असून तुमचे पाय धुतले. पंचा वरून खाली येतो. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने आधी वाकायचं. बायकोला, धाकट्या भावाला, नवीन मुलाला नम्रतेवर वचनं ऐकवायला हा अध्याय दिलेला नाही.

आणि बायकोचा विषय निघालाच आहे तर शनिवारचं सांगतो. मी अर्धा तास बोललो. भाऊ लोकांनी आमेन म्हटलं, एका काकांनी पाठ थोपटली. नंतर चहा-बिस्किटं झाली. अठरा पुरुष, सेवकपणावर मनन करून उठलेले, कप टेबलावर तसेच ठेवून गप्पा मारत उभे. आतमध्ये तीन बहिणी कप विसळत होत्या, त्यात माझी बायकोही होती. घरी येताना गाडीवर ती मागून म्हणाली, "मेसेज छान झाला रे. आतपर्यंत ऐकू येत होता." बस, एवढंच म्हणाली. सिग्नल सुटला तरी मी गाडी काढायचं विसरलो, मागून हॉर्न वाजले.

मराठी ख्रिस्ती माणसाला अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे आपल्यासाठी केवढं मोठं नाव! त्यांची भजनं आपण आजही गातो. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार उभा केला. आणि याच माणसाबद्दल त्यांच्या पत्नीने ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, जे १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. त्यात टिळकांचा देवावरचा आणि माणसांवरचा जीव आहे, उदारपणा आहे, आणि त्यांचा भडकू स्वभावही आहे, न सांगता घरातून निघून जाणंही आहे. काही लपवलेलं नाही, आणि तरी शेवटपर्यंत माया आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. मी मात्र परवा वेगळ्याच कारणाने ते कपाटातून काढलं. माझ्या बायकोने असं पुस्तक लिहायला घेतलं तर शनिवारच्या प्रकरणाला ती काय नाव देईल, हा विचार डोक्यातून जाईना.

इफिसकरांस पत्र ५ मधलं पती मस्तक आहे हे वाक्य आम्हा पुरुषांना संदर्भासकट पाठ असतं. पंचविसावं आणि सव्विसावं वचन मात्र आपण भरभर वाचतो. तिथे मस्तक असणं म्हणजे काय ते सांगितलंय : ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं, पाण्याने स्नान घालून तिला शुद्ध केलं. पुन्हा पाणी आणि पुन्हा धुणं, आणि इथेही धुणारा तोच आहे.

पेत्राबद्दल बोलल्याशिवाय हा भाग सोडता येत नाही, कारण पेत्र म्हणजे आपणच. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, असं तो म्हणतो तेव्हा ऐकायला किती नम्र वाटतं. पण तीही एक अढीच आहे. आम्हाला मदत द्यायला आवडतं, घ्यायला जमत नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी तिशीतले भाऊ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, आतून पार थकलेत, कर्जाने वाकलेत, पण पाळकसाहेबांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, सगळं छान, प्रभूची कृपा. घाणेरडे पाय कुणाला दाखवायचे? प्रभू पेत्राला सरळ सांगतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. आधी धुऊन घ्यायचं, मग धुवायचं. हा क्रम चुकला की सेवा म्हणजे उपकार होतात आणि आपण त्याचा हिशोब ठेवू लागतो.

पेत्र हे विसरला नाही बरं का. १ पेत्र ५ मध्ये तो वडीलजनांना लिहितो की तुमच्या ताब्यातल्या लोकांवर धनीपण चालवू नका, आणि तिथे तोच शब्द वापरतो जो मार्क १०:४२ मध्ये प्रभूने परराष्ट्रीय अधिकाऱ्यांसाठी वापरला होता. दोन वचनं पुढे तो नम्रतेचं वस्त्र घालायला सांगतो, आणि त्यासाठी जे क्रियापद निवडतो ते दासाने कामाच्या वेळी अंगाला बांधायच्या कपड्याशी जोडलेलं आहे. म्हातारा पेत्र हे लिहीत असताना त्याच्या डोळ्यांपुढे कमरेला पंचा बांधलेलं कोण होतं, ते सांगायला नको.

आणि यहूदा. त्याचे पायही धुतले गेले. दुसरं वचन सांगतं की विश्वासघाताचा विचार त्याच्या मनात आधीच घातला गेला होता, अकरावं वचन सांगतं की प्रभूला ते माहीत होतं. तरी त्याला वगळलं नाही. काही तासांत जे पाय मुख्य याजकांच्या माणसांना घेऊन बागेत येणार होते, ते त्याने हातात घेऊन पुसून कोरडे केले. यावर मला जास्त लिहिता येत नाही. एवढंच समजतं की मला फसवणाऱ्याचे पाय धुणं ही माझ्यासाठी पुढची इयत्ता आहे. मी तर अजून ज्याला मी फसवलं त्याच्यापाशीच अडकलोय.

सोमवारी ऑफिसला गेलो. आधी मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं की ती स्क्रिप्ट मी न वाचता मंजूर केली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, रेटिंग आता लॉक झालंय, एचआरशी बोलून बघतो, पण प्रॉमिस करत नाही. मग मी तो जुना रिपोर्ट उघडला आणि कारणांच्या खाली माझ्या नावाने एक ओळ घातली : रिव्ह्यू न करता अप्रूव्ह केलं, जबाबदारी माझी. सेव्ह करताना हात जड झाला होता. सोळा जणांना नोटिफिकेशन गेलं असणार.

मग त्या मुलाला कँटीनमध्ये घेऊन गेलो आणि माफी मागितली. मला वाटलं होतं तो आश्चर्य करेल. तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "सर, मला माहीत होतं. अप्रूव्ह कोणी केलं ते लॉगमध्ये दिसतंच ना. सगळ्यांनाच माहीत होतं."

म्हणजे पंधरा-सोळा माणसं त्या कॉलवर होती, सगळ्यांना पंचा दिसत होता, आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

त्याने दुसरीकडे मुलाखती सुरू केल्या आहेत. राहील की जाईल माहीत नाही. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले.

चला, प्रार्थना करू या.

प्रभू येशू, तू माझे पाय धुतलेस आणि ते किती मळलेले आहेत ते तुला माहीत आहे. त्या मुलाचं भलं कर, त्याचं नुकसान भरून काढ, माझ्याच्याने होईल तेवढं माझ्याकडून करून घे. माझ्या बायकोला मी गृहीत धरतो, त्याची मला क्षमा कर. पुढच्या शनिवारी कप विसळायची मला आठवण दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : योहान १३:१८-३०.